आधी नीट जेव, मग वाच

मुलगेच आवडतात म्हणून 'दादा, मला माझीच किळस येते' असं तू लिहिलंस. हे वाक्य मीही परभणीला माळवदावर पडून रात्र रात्र घोळवलंय. घरात मुली बघायची बोलणी निघाली की पोटात गोळा यायचा. एका डॉक्टरानं 'लग्न झालं की सुटेल' म्हणत गोळ्या दिल्या. तोंड कोरडं पडलं, दुसरं काही नाही. तुला असा कुणी भेटला तर सरळ उठून ये. असले 'बरं करायचे' उपचार 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं गैरवर्तन ठरवलेत.

आणि 6 सप्टेंबर 2018 ही तारीख पाठ कर. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. दोन सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. पाठ अशासाठी, की ॲपवरून बोलावून 'घरी सांगतो' म्हणत पैसे उकळणारे इकडंही आहेत. पहिली भेट दिवसा, बसस्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात. पैसे मागितले तर रुपया देऊ नको, स्क्रीनशॉट ठेव.

आईला सांगायची घाई नको, आधी पायावर उभा राहा. मी नोकरी लागल्यावर सहा वर्षांनी सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती; सूप थांबलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, 'जेवलास का?' बापानं अजून विषय काढला नाही, असो.

माणसं मात्र लवकर गाठ. पुण्यात आपल्यासारख्यांसाठी समपथिक ट्रस्ट 2002 मध्येच सुरू झाला. रात्र जडच गेली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लाव, फुकट आहे. संभाजीनगरला आलास तर आम्ही चौघं-पाचजण भेटतो, पोहे खातो, निम्मा वेळ क्रिकेटवरच भांडतो.