पुदिना, रोझमेरी, थाइम अशा स्वयंपाकातल्या सुगंधी झाडांनीच बाग सजवली तर ती विस्कटलेली दिसेल का?

नाही दिसणार. माझ्या अंगणात शोभेच्या झाडांच्या जागी बरीच वर्षं हीच झाडं आहेत. बाग बिघडते ती वेगवेगळ्या तहानेची झाडं शेजारी लावल्यामुळे. मी पहिल्या वर्षी रोझमेरी आणि बेसिल एकाच वाफ्यात लावली होती. बेसिलला पुरेल इतकं पाणी घालत राहिलो आणि रोझमेरीची मुळं कुजली.

रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगॅनो ही भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची झाडं. त्यांना किमान 6 तास ऊन आणि उत्तम निचरा हवा. माती चिकट असेल तर खडी मिसळून वीतभर उंच वाफा करा. खत बेतानंच घाला. जास्त नत्रानं पानं लुसलुशीत होतात, पण वास फिका पडतो. बेसिल, पार्स्ली, पुदिना यांची ओलाव्याची जागा वेगळी ठेवा. पुदिना मात्र कुंडीतच लावा, नाहीतर जमिनीखालच्या धावत्या खोडांनी तो सगळा वाफा व्यापतो.

रोझमेरीचं बुटकं कुंपण सुंदर होतं. सेजची राखाडी पानं हिरव्या गर्दीत उठून दिसतात. फरशीच्या फटींत थाइम लावलं, की पाय पडताच सुगंध येतो. चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात) वाटेच्या कडेला शोभतात.

बाग नेटकी राहते ती सततच्या खुडण्यामुळे. स्वयंपाकासाठी पानं काढता तीच छाटणी समजा, फक्त एका बाजूनं ओरबाडू नका. बेसिलचा शेंडा पानांच्या जोडीच्या वर खुडला, की तिथून दोन फांद्या फुटतात. रोझमेरी आणि सेज हिरव्या भागातच कापा. पानं नसलेल्या जून लाकडापर्यंत कात्री गेली, तर तिथून बहुधा पुन्हा फुटत नाही आणि झुडपात कायमचं भगदाड राहतं. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कधीच कापू नका. थाइम, ओरेगॅनोच्या थोड्या फांद्यांवर फुलं राहू द्या, मधमाश्या आवर्जून येतात.

रोपं मोठी झाल्यावर किती पसरतील ते बघून अंतर ठेवा. रोझमेरीला अडीच-तीन फूट तरी लागतात. पहिल्या वर्षी मधली जागा ओकीबोकी वाटेल, तिथे कोथिंबिरीचं बी टाका. थोडं जास्त पाणी लागतं तिला, म्हणून रोझमेरीच्या बुंध्यापासून हातभर लांब.