शेजारच्या भाभींनी इफ्तारीला बोलावलंय, काय नेऊ?

प्रश्न : ताई, आमच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये दापोलीकडचं एक कोकणी मुस्लिम कुटुंब राहायला आलंय. भाभींनी शनिवारी रोजा सोडायला या म्हणून बोलावलं. आम्ही शाकाहारी. बिर्याणीच असते ना? किती वाजता जायचं आणि हातात काय न्यायचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अगं, बिर्याणीचं टेन्शन आधी सोड. मीपण कोकणातलीच, आमच्याकडे रोजा सुटतो तो खजूर आणि पाण्यावर, मग कापलेली फळं, सब्जा घातलेलं सरबत, उकडलेले चणे, कांदाभजी, म्हणजे अर्धं दस्तरखान तुझ्यासाठीच. फक्त एक कर, भाभींना आजच फोन करून सांग की आम्ही शाकाहारी आहोत, कारण खिम्याचे समोसे आणि भजी बहुतेक घरांत एकाच कढईत तळतात, आधी सांगितलंस तर त्या भजी पहिल्या घाण्यात काढून ठेवतील, ऐनवेळी सांगितलंस तर बिचाऱ्या ओशाळतील.

सूर्य मावळल्यावर होणाऱ्या अजानच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोच. तासभर आधी नको, शेवटचा अर्धा तास म्हणजे स्वयंपाकघरात नुसती लढाई असते, आणि गंमत म्हणजे कुणालाच चव बघायची नसते. आमच्याकडे मीठ बघायचं काम माझ्या सहा वर्षांच्या भाच्याकडे, तो ओट्याशी स्टुलावर उभा राहून चमच्यातली चटणी चाटतो आणि कमी आहे, कमी आहे करत चार चमचे खाऊन घेतो. तळण झालं की सगळे बसतात, दुवा मागतात आणि मग हातात खजूर धरून नुसतं थांबायचं, ती शेवटची दोन मिनिटं कुणी फार बोलत नाही, तूही गप्प बस. नागपूरला सूर्य आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो, तर तिथला माझा दीर मुद्दाम त्याच वेळी ग्रुपवर भज्यांचे फोटो टाकतो, त्याला काय बोलायचं!

थोडं खाऊन झालं की मोठी माणसं मगरिबच्या नमाजला उठतील. तुम्ही गोंधळून उठू नका, खात बसा. खरं जेवण त्यानंतर. आमच्यातल्या कुणाकुणाकडे तेव्हा खापरोळी होते, जाळीदार जाड घावन समज, ती गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायची. वाढली तर नाही म्हणू नकोस.

आणि हो, घरातली एखादी मुलगी पाणी पिताना दिसली तर आज रोजा नाही का असं विचारू नकोस. पाळीत बायका रोजा धरत नाहीत, राहिलेले रोजे नंतर भरून काढतात, आजारी माणसाला, प्रवासात असलेल्यालाही सूट असते. ते चारचौघांत कशाला सांगायला लावायचं. तसंच, पाणीसुद्धा नाही? बापरे! हेही नको, ते ऐकून ऐकून आमचे कान किटलेत.

न्यायचं काय? खजुराचा डबा सगळेच आणतात, आमच्या कपाटात मागच्या वर्षीचे दोन अजून पडलेत. कलिंगड ने, नाहीतर सरळ घरचं कैरीचं पन्हं ने, दिवसभर कोरड्या पडलेल्या घशाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बाहेरून केक-पुडिंग आणणार असशील तर त्यात रम किंवा जिलेटिन नाही ना बघ. पन्ह्याचं मीठ मात्र घरूनच नीट बघून ने, तिथे चाखायला कुणी मिळालंच तर एखादं पोरगं मिळेल, आणि ते तांब्या अर्धा करून ठेवेल.