देवळीतल्या गोळ्या

"मावशी, आम्ही बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले, ऊस तोडायला जातो. माझं वय 29. दोन लेकरं आहेत, धाकटीच्या वेळेस कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय. दोन वर्षं अंगावरून पांढरं जातंय, खाज, आग, ओटीपोट दुखतं, कंबर भरून येते. तीन दवाखाने झाले. गोळ्यांनी महिनाभर बरं वाटतं, परत तेच. मागच्या वेळी मालकांना पण दिल्या होत्या, पण त्यांना काही त्रास नाही म्हणून त्या भिंतीतल्या देवळीत तशाच आहेत. आता एक डॉक्टर म्हणतात गर्भपिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. दोन्ही जावांनी काढलीय. मुकादम 30 हजार वाढीव उचल द्यायला तयार आहे. आत्याबाई म्हणतात दसऱ्याआधी उरकून घे, म्हणजे कारखान्यावर खाडे पडायचे नाहीत. मालक लई चांगले आहेत, दारूला शिवत नाहीत, म्हणतात तुला पटेल ते कर. काढू का पिशवी? भाचीकडून लिहून घेतलंय."
— एक कोयतेवाली

पोरी, पिशवीचं नंतर बघू. आधी मला त्या देवळीतल्या गोळ्यांबद्दल बोलायचंय.

तू ते जाता जाता लिहिलंस. पण तुझ्या दोन वर्षांच्या त्रासाचं उत्तर बहुतेक त्याच ओळीत आहे. डॉक्टर नवऱ्यालाही गोळ्या देतात तेव्हा त्यांना एकच संशय असतो, की हा जंतुसंसर्ग जोडप्यात एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा आहे. असे काही जंतू पुरुषाच्या अंगात महिनोन् महिने गुपचूप राहतात. त्याला ना खाज, ना आग. बाईला मात्र सगळा ताप. तू गोळ्या खातेस, बरी होतेस, नवऱ्याजवळ जातेस, आणि तेच दुखणं परत घेऊन येतेस. महिनाभर बरं, परत तेच, हे तूच लिहिलंयस ना? यात कुणी कुणाला फसवलं असं लगेच मनात आणू नकोस. हे जंतू कधी शिरले ते बऱ्याचदा सांगता येत नाही.

आणि हे नीट ऐक. असा जंतू मुख्यतः योनीमार्गात राहतो. उद्या पिशवी काढून टाकलीस तरी तो तिथंच राहील आणि पांढरं जाणं थांबणार नाही. तुझ्याजवळ पिशवी नसेल, डोक्यावर 30 हजारांचा बोजा असेल आणि खाज तीच असेल.

उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ते ऊस तोडूनच फेडायचे. त्या 30 हजारांचा हिशोब कर. तोडणीचा दर टनाला 366 रुपये धरला आणि दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडले, तरी ते फिटायला 41 दिवस लागतात. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना जड उचलायचं नसतं. तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलंस, दसऱ्याला जेमतेम सव्वा महिना राहिलाय. टाके भरतात न भरतात तोच डोक्यावर मोळी येईल. ऑपरेशनात अंडाशयंही काढली तर तिशीतच पाळी जाण्याचं वय अंगावर येतं, हाडं ठिसूळ होतात. "जावांना काही झालं नाही" असं घरात म्हणत असतील. त्यांच्या कंबरेला जाऊन विचार.

कॅन्सरची भीती घातली, पण गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केल्याचं तुझ्या पत्रात कुठंच नाही. न तपासता कॅन्सरचं नाव घेऊन पिशवीवर सुरी चालवणं मला मान्य नाही, आणि याबाबत मला राग आवरत नाही. कारण तू पहिली नाहीस. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. देशात 15 ते 49 वयाच्या शंभर बायांत हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. बीडच्या बायांच्याच पिशव्या एवढ्या खराब कशा निघतील? पहाटे चारला फडात उभं राहायचं, आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पाळीचं ओलं फडकं पालाच्या कुडावर दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवायचं, लघवी दाबून ठेवायची, आणि दुखलं म्हणून बसलं की खाडा. दुखणं येतं ते या सगळ्यातून. त्याचा दंड मात्र पिशवीला. म्हणूनच जिल्ह्यात नियम झाला, की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्याने पिशवी काढायची नाही. तुझ्या डॉक्टरांनी त्या परवानगीचं नाव तरी काढलं का?

आता पुढचं भाचीला मोठ्याने वाचायला सांग, मालक घरात असताना.

जावईबापू, तुम्ही दारूला शिवत नाही, चांगली गोष्ट आहे. पण बायको दोन वर्षं आगीत आहे आणि तुमच्याच्यानं तेवढ्या गोळ्या गिळवल्या नाहीत. "मला काही त्रास नाही" म्हणालात. तुमच्या वाटणीचा त्रास तीच काढतेय. आणि "तुला पटेल ते कर" हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ एवढाच, की टेबलावर ती झोपेल आणि तुम्ही बाहेर बसाल. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, म्हणजे कोयता तुम्ही दोघं. उचल दोघांच्या नावावर घेता, मग औषध एकटीने का खायचं?

पोरी, तुझ्यासाठी एकच सांगणं. पिशवीची तारीख घ्यायची नाही आणि मुकादमाकडून त्यासाठी एक रुपयाही उचलायचा नाही. येत्या सोमवारी सकाळच्या एसटीने दोघं अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा. केजहून तासाभराची वाट आहे. स्त्रीरोग विभागात सांग, "अंगावरून जातंय, औषध घेतलं, मालकांनी घेतलं नव्हतं." हे शेवटचं वाक्य गिळू नकोस. आतून तपासायला लाव, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी मागून घे. पिशवीला खरंच काही निघालं तर तिथले डॉक्टर कागदावर लिहून देतील, तेव्हा मला परत लिही, आपण तेव्हाचं तेव्हा बघू. गोळ्या मिळाल्या की दोघांनी एकाच दिवशी सुरू करायच्या, एकमेकांसमोर, रात्रीच्या भाकरीनंतर. बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत. कोर्स संपून डॉक्टर हो म्हणेपर्यंत जवळ यायचं नाही. हे अवघड वाटत असेल तर तेही डॉक्टरांसमोरच बोला, दोघांच्या देखत.

देवळीतल्या त्या जुन्या गोळ्या आता कुणी खायच्या नाहीत. पण फेकूही नकोस. पाकीट पदरात बांधून घे आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. काय दिलं होतं आणि काय खाल्लं गेलं नाही, ते त्यांना त्यावरून कळेल.