याक-१५: इंजिन जर्मनांचं, विमान घरचं

सोव्हिएत संघाचं पहिलं जेट लढाऊ विमान कोणतं आणि ते जर्मनांची नक्कल होतं का, असं तुम्ही विचारलंय. इंजिनाबाबत उत्तर होय. विमानाबाबत अजिबात नाही.

२४ एप्रिल १९४६ या एकाच दिवशी मॉस्कोजवळच्या एकाच धावपट्टीवरून मिग-९ आणि याक-१५ ही दोन्ही पहिल्यांदा उडाली. आधी मिग, मग याक. हा क्रम नाणं उडवून ठरवला, असं सांगतात. रॉकेटवर चालणारं बीआय-१ तर १९४२ मध्येच उडालं होतं, पण त्याची जातकुळीच वेगळी.

मला या दोघांत याक जास्त भावतं. जर्मनांचं युमो ००४ इंजिन हाती लागल्यावर याक विमानांचे आरेखक याकोव्लेव्ह यांच्या मंडळींनी नवं विमान आखत बसण्याऐवजी युद्धात मुरलेलं आपलं याक-३च घेतलं. नाकातलं पिस्टन इंजिन आणि पंखा काढून तिथेच, खालच्या अंगाला, जेट बसवलं. कॉकपिट, पंख, शेपूट बरंचसं जुनंच राहिलं. त्यामुळे याक-३ चालवलेल्या वैमानिकाला जेटवर बसताना बिचकायला झालं नाही. माझ्या मते या विमानाची खरी कमाई हीच.

अडचण जेटमधून मागे सुटणाऱ्या तापलेल्या झोताची होती. तो कॉकपिटच्या खालून निघून शेपटाच्या पोटाला चाटत जायचा. १९४५ च्या शरद ऋतूत जमिनीवर चाचणी घेतली, तर मागचा ड्युरॅल्युमिनचा (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) पत्रा आणि शेपटाकडच्या चाकाचं रबर या उष्णतेपुढे टिकेना. मग पोटाखाली उष्णता सोसणारा स्टीलचा पत्रा ठोकला आणि मागचं चाक सबंध स्टीलचंच केलं, रबराशिवाय! जमिनीवर विमान शेपूट टेकून उभं राहायचं, म्हणून झोत धावपट्टीवरही आदळायचा.

वेग ताशी ८०० किमीच्या आसपास, २३ मिमीच्या दोन तोफा, पण पल्ला जेमतेम ५०० किमी. सुमारे २८० विमानं बनली आणि त्यांचा मुख्य उपयोग पिस्टनवरच्या वैमानिकांना जेटची सवय लावण्यासाठी झाला. पुढच्या याक-१७ला नाकाखाली चाक आलं.

मिग-९मध्येही जर्मन इंजिनंच होती, बीएमडब्ल्यूची, एक सोडून दोन. त्याचा चाचणी वैमानिक अलेक्सेई ग्रिंचिक जुलै १९४६ मध्ये त्याच विमानाच्या प्रात्यक्षिकात मरण पावला. १९४७ च्या अखेरीस मिग-१५ उडालं, तेव्हा त्याच्या पोटात ब्रिटिशांचं नीन इंजिन होतं. सांगाडा मात्र तेव्हाही सोव्हिएत अभियंत्यांनी स्वतःच आखलेला होता.