चिकटलेल्या पेशी, तरंगत्या पेशी

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डोंबिवलीहून परळला प्रोजेक्टसाठी येते. उंदराच्या हाडांतली मज्जा काढून जीएम-सीएसएफ (पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन) घातलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, वाढवली. सातव्या दिवशी काही पेशी तळाला घट्ट चिकटल्यात, काहींचे सैल पुंजके दिसतात. सीनियर म्हणतो, सगळ्या डेंड्रिटिकच (जंतूंचे तुकडे इतर रोगप्रतिकारक पेशींना दाखवणाऱ्या) आहेत, खरवड आणि वापर. खरवडू का?

उत्तर : मुळीच नको. स्क्रेपर ड्रॉवरमध्ये ठेवून दे.

मज्जेतल्या कोवळ्या पेशींनी पुढे काय व्हायचं, हे बरंचसं तू मीडियममध्ये काय घालतेस त्यावर ठरतं. एम-सीएसएफ हे दुसरं संकेत-प्रथिन दिलंस तर मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी. जीएम-सीएसएफ दिलंस तर नुसत्या डेंड्रिटिक मिळतात असं आम्हीही वर्षानुवर्षं धरून चालायचो. 1992 पासूनचे गाजलेले प्रोटोकॉल तसेच वाचले जायचे. 2015 मध्ये हेल्फ्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या प्लेटमध्ये मॅक्रोफेजसारख्या पेशीही भरपूर असतात, आणि सीडी11सी हे पृष्ठभागावरचं ओळखचिन्ह-प्रथिन दोघींवर असतं. तेव्हा फक्त सीडी11सी बघून निकाल देऊ नकोस. एमएचसी-2 आणि सीडी11बी या आणखी दोन ओळखचिन्हांसाठीही रंग लाव. एमएचसी-2 खूप आणि सीडी11बी मध्यम, त्या डेंड्रिटिककडे झुकलेल्या. उलट असतील तर मॅक्रोफेजकडे. सीनियरला हा फ्लो सायटोमीटरचा (रंगवलेल्या पेशी एकेक मोजणाऱ्या यंत्राचा) प्लॉट दाखव, वाद घालत बसू नकोस.

आता हाताचं काम. प्लेट किंचित तिरकी धर, मीडियम हलकेच फिरव आणि सुटलेल्या पेशी कडेने, बुडबुडे न काढता पिपेटने उचल. चिकटलेल्या तिथेच राहू देत. घाई करून पुंजके फोडलेस तर त्या धक्क्यानेच पेशी परिपक्व व्हायला लागतात. मग एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला, पेशी चेतवणारा पदार्थ) न घातलेल्या कंट्रोलमध्येही सीडी86 हे परिपक्वतेचं चिन्ह वर गेलेलं दिसतं आणि तू बसतेस डोकं खाजवत. सिरममधल्या (मीडियममध्ये मिसळायच्या रक्तद्रवातल्या) किंवा बफरमधल्या एंडोटॉक्सिननेही, म्हणजे नकळत आलेल्या एलपीएसनेही, नेमकं हेच होतं, म्हणून सिरमचा लॉट नंबर वहीत लिहायचाच.

मॅक्रोफेजच हवेत तर एल929 नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या उंदराच्या पेशींचं वापरलेलं मीडियम चालतं. त्या पेशी एम-सीएसएफ सोडतात. स्वस्तात काम होतं, पण दर खेपेला त्याचा जोर वेगळा. एकदाच मोठी बॅच कर, गाळ, छोट्या ट्यूबमध्ये भरून गोठव आणि सगळा प्रोजेक्ट त्याच बॅचवर उरक. टिश्यू कल्चरच्या महागड्या प्लेटऐवजी बॅक्टेरियासाठीची साधी पेट्री डिश घे. सातव्या दिवशी बर्फासारखं थंड पीबीएस-ईडीटीए (पेशींची पकड सैल करणारं खारं द्रावण) घालून दहाएक मिनिटं ठेवलंस की बहुतेक पेशी सुटतात. ट्रिप्सिन या विकराच्या नादी लागू नकोस, ते पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं आणि तुला तीच तर मोजायचीत.

एक डोंबिवलीकरांसाठी खास : मज्जा मंगळवारी काढ. शून्य दिवस मंगळवार धरला तर तिसरा दिवस शुक्रवारी, सहावा सोमवारी, आठवा बुधवारी येतो. मीडियम द्यायचा दिवस रविवारच्या मेगाब्लॉकवर पडत नाही. आणि पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी वेळच्या वेळी बदल. जुलैत बुरशी आली की आधी तिथे बघायचं, मज्जेला दोष नंतर.

प्रश्न : नात प्रयोगशाळेत काम करते, म्हणून विचारतो. अशा मज्जेच्या पेशींसाठी उंदीर मारावेच लागतात का? तयार पेशी मिळत नाहीत का?
– एक निवृत्त शिक्षक, गिरगाव

उत्तर : मिळतात, गुरुजी. उंदराच्या रॉ 264.7 नावाच्या पेशी 1978 पासून जगभर वापरल्या जातात. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात अशा पेशींचा साठाच आहे. पण त्या मुळात गाठीतून आलेल्या, न थांबता वाढणाऱ्या. संसर्गाला साधी पेशी कसं उत्तर देते हे विचारायचं असेल, तर त्यांचा शब्द प्रमाण मानता येत नाही.

भक्षक पेशी शोधणाऱ्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानेही 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनात ताऱ्या माशाच्या जिवंत अळीला काटा टोचूनच त्या पाहिल्या. (परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते हाफकीन ओडेसात त्यांचेच विद्यार्थी.) आज मात्र संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय कुणी उंदराला हात लावू शकत नाही, आणि किती उंदीर का लागणार हे आधी लिहून द्यावं लागतं. एका उंदराच्या मागच्या दोन पायांतून काही कोटी पेशी निघतात. उरलेली मज्जा गोठवून पुढच्या प्रयोगाला वापरता येते. नातीच्या प्रयोगशाळेत ती गोठवतात की फेकून देतात, तेवढं तिला जरूर विचारा.