देवाची योजना दिसत नसताना त्याच्या वचनावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

वडिलांच्या आजारपणात शिल्लक संपली, पाठोपाठ नोकरी गेली आणि चर्चच्या मंडळीतले सगळे यिर्मया 29:11 (तुमच्याविषयी माझ्या योजना हिताच्या आहेत, तुम्हाला आशेचे भविष्य देण्याच्या आहेत, असे देव म्हणतो ते वचन) ऐकवतात, पण पुढचे काहीच दिसत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. देवाने स्पष्ट खूण देईपर्यंत थांबावे की हातपाय हलवावेत, हाही तुमचा प्रश्न आहे. मी ख्रिस्ती घरात वाढलो आणि हे वचन लहानपणापासून भिंतीवर पाहत आलो. पण ते कोणाला आणि कधी सांगितले गेले हे समजून घेतल्यावरच मला त्याचा खरा आधार वाटू लागला.

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतील राजा, सरदार आणि कारागीर बाबेलास नेले. त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेल्या पत्रात हे वचन आहे. त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षांची मुदत आहे, म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना मायदेशी परतणे दिसणार नव्हते. मधल्या काळात त्यांनी घरे बांधावीत, बागा लावाव्यात, मुलाबाळांची लग्ने करावीत आणि ज्या परक्या नगरात ते अडकले होते त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करावी, असे देवाने सांगितले. याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे मंदिरात लोकांना सांगत होता. ते ऐकायला गोड होते, पण देवाचे नव्हते. माझा धाकटा भाऊ डायलिसिसवर असताना, तो अमुक महिन्यात ठणठणीत बरा होईल असे देवाने दाखवले आहे, हे सांगणारे आमच्याही घरी येऊन गेले. भाऊ वाचला नाही. म्हणून तुम्हाला कोणी तारखेसकट आश्वासन देत असेल, तर ते देवाचे वचन समजू नका, एवढे मी कळकळीने सांगतो.

विश्वास कसा दिसतो हे मला यिर्मयाच्याच पुस्तकातील 32व्या अध्यायात सर्वांत जवळून दिसते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आला आहे आणि त्याच अपराधासाठी राजवाड्यातील पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ येथील शेत विकत घे म्हणतो. शत्रूच्या ताब्यात जाणाऱ्या मुलखातली जमीन कोणता शहाणा माणूस घेईल? पण देवाचा शब्द ओळखून यिर्मया सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, साक्षीदार घेतो आणि मोहोर केलेली व उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखक बारूख याच्याकरवी मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, कारण त्या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील असे देवाने म्हटले होते. त्या शेतात यिर्मयाने पीक घेतल्याचा उल्लेख कुठेही नाही. पुढे त्याला मिसर देशात नेण्यात आले. वचन मात्र खोटे ठरले नाही: इ.स.पू. 539 मध्ये बाबेल पारसाचा राजा कोरेश याच्या हाती पडले, त्याने यहुद्यांना परत जाण्याची मोकळीक दिली आणि बायबलमधील एज्राच्या पुस्तकात परतलेल्यांच्या यादीत अनाथोथच्या लोकांचीही नोंद आहे.

भावाच्या आजारपणात माझ्या आईने त्याच्या मुलीसाठी पोस्टात आवर्ती ठेव खाते उघडले आणि डायलिसिसचा खर्च डोईजड होत असतानाही हप्ता चुकू दिला नाही. तिच्या प्रार्थनांइतकाच तो हप्ता मला तिच्या विश्वासाचा पुरावा वाटतो.

तेव्हा खुणेची वाट पाहत बसू नका. अर्ज करा, वडिलांची औषधे वेळेवर द्या, मंडळीतील ज्या माणसावर भरवसा आहे त्याला पैशांची अडचण मोकळेपणाने सांगा. त्यात अविश्वास काहीच नाही. आणि मनात शंका असेल तर ती देवापासून लपवू नका. खरेदीखत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मयाने जी प्रार्थना केली, ती त्याच 32व्या अध्यायातील 16 ते 25 या ओव्यांत आहे: नगर तर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती गेले आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, असे तो देवाला तोंडावर म्हणतो. देवाने त्याबद्दल त्याला दोष दिला नाही. मला अशक्य असे काही आहे काय, असे विचारून त्याने पुढचे सगळे समजावून सांगितले.