दुबईतली शाळा बदलली तर खरंच बॅन लागतो का?

प्रश्न : नमस्कार सर, चोपड्याहून लिहितोय. माझी मुलगी एप्रिलपासून दुबईत एका खाजगी शाळेत फिजिक्स शिकवते, आता तिथलीच दुसरी शाळा जास्त पगार देतेय. पण पहिली शाळा म्हणते मध्येच सोडलं तर बॅन लागेल आणि व्हिसाचा खर्च तुझ्याकडून वसूल करू. जुलैत सुट्टीला घरी आली तेव्हा पासपोर्ट दिला होता, परत गेली तर दुसऱ्याच दिवशी जमा करून घेतला. तिची आई म्हणते मरू दे ती नोकरी, लगेच निघून ये, इथं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर, तासामागे पैसे) लागशील. काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी पासपोर्टचं बघू. तो ठेवून घ्यायचा शाळेला काडीचा अधिकार नाही. अमिरातीचा 2021 चा 33 नंबरचा कामगार कायदा फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे, त्यात हे सरळ लिहिलंय. मी शारजात शिकवायचो तेव्हा आमचे पासपोर्ट ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, गठ्ठा करून रबर बँड लावलेले असायचे, आणि भावाच्या लग्नाला अमळनेरला यायचं तर दोन सहकाऱ्यांच्या सह्या आणा मग देतो, असला प्रकार. आम्ही गप बसलो, तिनं बसू नये. मागणी ईमेलवर करावी, तोंडी नको.

व्हिसाचा नि भरतीचा खर्च शिक्षकाकडून घेता येत नाही. पण शाळा अगदीच हवेत बोलतेय असंही नाही, कारण प्रोबेशनमध्ये असताना तिथंच दुसरीकडे जायचं तर किमान महिनाभर आधी लेखी कळवावं लागतं आणि भरतीचा खर्च जुन्या शाळेला नवीन शाळेनं द्यायचा असतो. मुलीनं नाही, हे लक्षात ठेवा. आता प्रोबेशन जास्तीत जास्त 6 महिन्यांचं, म्हणजे एप्रिलात लागली तर ते संपतच आलंय की! नवीन शाळा पैसे द्यायला कुरकुरत असेल तर मी म्हणेन थोडं थांबा, प्रोबेशन संपू द्या, मग करारात असेल तेवढी नोटीस, ती 30 ते 90 दिवसांच्या मधली असते.

बॅन सरसकट कोणालाही लागत नाही. न सांगता सलग सात दिवसांच्या वर गायब झालं आणि शाळेनं तक्रार केली, तर वर्षभर नवीन वर्क परमिट मिळत नाही. म्हणून वहिनींना सांगा, लगेच निघून ये हा सगळ्यात वाईट सल्ला आहे, प्रोबेशनमध्ये देश सोडून यायचं तरी 14 दिवस आधी लेखी द्यावं लागतं.

राजीनामा नवीन ऑफर लेटर सही होऊन हातात आल्यावरच. आणि नवीन शाळा म्हणाली की ये, परमिट होईल तोवर चार तास घे, तर अजिबात जायचं नाही, बिनपरमिटचा माणूस कामाला ठेवला तर 2024 पासून मालकाला 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड आहे आणि शिक्षकही गोत्यात येतो. दुबईत केएचडीएची (खाजगी शाळांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) मंजुरीही नव्या शाळेला तिच्या नावानं परत घ्यावी लागते. वर्ष भरलं नाही म्हणून ग्रॅच्युइटी विसरा, बाकीचा हिशोब नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत मिळायला हवा.

अजून एक, मुंबईला खेटे घालून एचआरडी (राज्याचं शिक्षण खातं), परराष्ट्र मंत्रालय, एम्बसी असे शिक्के मारून घेतलेली मूळ डिग्री कुठंय? तीही शाळेच्याच कपाटात असेल तर पासपोर्टच्या त्याच ईमेलमध्ये मागून घ्यायला सांगा.